ताक पॉइंटवरचा कोरडा फोटो

समस्त आप्तेष्ट, हळदीच्या पेठेतले व्यापारी बंधू आणि माझ्या बोलण्यावर अजूनही विश्वास ठेवणारे जे दोन-तीन भोळे जीव उरले असतील ते, या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदा कारवी फुलली आहे. ही बातमी उभं राहून ऐकावी. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी निदान पाय तरी खाली सोडून बसावं.

कारवी म्हणजे काही दर वर्षी हजेरी लावणारा मोगरा नव्हे. सह्याद्रीच्या उतारावर ती सात-आठ वर्षं नुसती हिरवी उभी असते आणि तिला कुणी विचारत नाही. मग एका भाद्रपदात सगळ्या डोंगराचं एकदम ठरतं. नजर जाईल तिथपर्यंत जांभळं होतं, मधमाश्यांचा आवाज लांबून पिठाची गिरणी चालू असल्यासारखा येतो, पानांचा चिकट वास दोन दिवस हाताला राहतो. आणि एवढा थाट करून झाला की बाई मरून जातात. मागे वाळलेल्या काठ्या उरतात. त्या काठ्यांचे कूड विणायचे, त्यावर शेणमाती लिंपायची आणि झाल्या घराच्या भिंती. डोंगरातली माणसं अशी फुलांच्या हाडांच्या घरात राहतात.

बातमी आणली माझ्या पुतण्याने. नवी गाडी, नवी बायको आणि छत्तीस फोटोंचे दोन रोल घेऊन तो पाटणच्या वर जाऊन आला. म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी तुम्ही चलाच. तुम्ही तरुणपणी काय फोटो काढायचात म्हणे!"

काढायचो! आमच्या घराण्यात ही दंतकथा आहे आणि तिच्यावर मी पंचवीस वर्षं आरामात जगलो आहे. खरी गंमत अशी की, माझे सर्वांत गाजलेले फोटो मी कधी काढलेच नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, सांगलीत अण्णांच्या हळदीच्या दुकानात गादीवर बसणारा. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, सूर्य बुडाल्यावर घास घेत नसत. आम्हा जैनांचं दहा दिवसांचं पर्व संपलं, क्षमावाणीला गावभर हात जोडून सगळ्यांची क्षमा मागून झाली, की दुसऱ्या दिवशी अण्णा आम्हाला जीपमध्ये घालून डोंगर दाखवायला न्यायचे. दहा दिवसांच्या उपासांनी हलके झालेले आम्ही, सगळ्या जगाशी हिशेब चुकता करून, कोऱ्या मनाने निघायचो. अशा कोऱ्या मनाच्या माणसांपासून जगाने सांभाळून राहावं.

जीपमध्ये पुढे अण्णा. मागे काकू, अण्णांची मुलगी शोभा आणि मी. चाकावर बापू. बापू रहिमतपूरकडचा, पलटणीतून गाड्या चालवून निवृत्त झालेला. घाटात गाडी घालताना "चलो जवान" म्हणायचा, ते आम्हाला नव्हे, गाडीला. कराड, पाटण, मग धरणाच्या पाण्याच्या अंगाने वर वर. डांबर संपायचं, मुरूम संपायचा आणि जिथे रस्त्यालाही पुढे जावंसं वाटत नव्हतं तिथे पाच घरांची धनगरांची वस्ती होती. पाच घरं, वीसेक म्हशी, आणि समोर दरी, अशी की काकूंनी दर वर्षी "अगं बाई" म्हणावं. वस्तीला स्वतःचं नाव होतं. ते आम्ही विचारलं नाही. महाबळेश्वरला कसे पॉइंट असतात, एकाला साहेबाचं नाव, एकाला हत्तीचं, तसं आम्ही या जागेचं नाव ठेवलं 'ताक पॉइंट'. कारण तिथे ताक मिळायचं.

आणि काय मिळायचं! गाडीचा आवाज आला की रवीवरचं ताक तसंच गडव्यातून बाहेर यायचं, वर लोण्याचे कण तरंगणारं. धुराचा, म्हशीचा, ओल्या घोंगडीचा एकत्र वास. आम्ही न विचारता घरात शिरायचो. काकू उतरंडीतलं एकेक मडकं उघडून आत बघायच्या. शोभा चुलीपाशी बसून 'चुलीपाशी बसलेली शोभा' असा फोटो काढून घ्यायची, आणि त्यासाठी चुलीपाशी खरोखर बसलेल्या बाईला उठावं लागायचं. ती हसत उठायची. आपल्या घरातून आपल्याला उठवलं तर माणसाने काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता कलेकडे वळू. माझा कॅमेरा डबा कॅमेरा होता आणि रोलमध्ये बारा फोटो असत. बारा फोटो, चार माणसं, एक दरी. त्यात वस्तीवरचा प्रत्येक जण पुढे यायचा, "माझा काड की, माझा काड की." नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा मी एक शोध लावला. कॅमेरा डोळ्याला लावायचा, एक पाय पुढे, "हं, हालू नका," आणि जीभ टाळूला लावून जोरात, "टक्!" खटका दाबायचा नाही. याला आम्ही म्हणायचो कोरडा फोटो. जिभेचा खटका माझा इतका हुबेहूब बसला होता की एकदा खऱ्या खटक्याला बापू म्हणाला, "ह्यो खोटा वाटला गड्या." कोरडा फोटो चालू असताना जीपमध्ये शोभा रुमाल तोंडात कोंबून बसायची. अण्णांना तेवढं ठाऊक नव्हतं. अण्णांना खोटं खपत नसे, म्हणून त्यांच्यापर्यंत ते पोचवायचं नाही, अशी आमच्या घरात शिस्त होती.

त्या वर्षी कारवी फुलली होती. वस्तीच्या चारी बाजूंनी जांभळं रान अंगावर आल्यासारखं. त्या चुलीपाशी बसणाऱ्या ठकूबाईने वाटीभर ताजा मध आणला, कारवीचा, काळपट, दाट. अण्णांनी हात जोडले. "आम्ही मध घेत नाही, बाई. माशीच्या तोंडचं काढून घेतलेलं. जिवाला त्रास."

"आवं, थोडा चाटून तर बगा," ठकूबाई म्हणाली.

"त्येंच्या धर्मात न्हाई बसत," आतून आवाज आला, आणि त्यामागे खोकला. तो खोकला मला आजही ऐकू येतो. आधी दोन कोरडे ठोके, मग घागर पालथी केल्यासारखा एक लांब. तो कोंडीबा, ठकूबाईचा नवरा. गेल्या वर्षी तो आमच्या जीपमागे धावला होता. या वर्षी त्याला बसतं करायला दोन माणसं लागत होती.

ठकूबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ह्येंचा एक फोटू पायजे. चांगला. तोंडाचा."

"मी मरायच्या आत सोनाराला माजं तोंड दावायचंय तिला!" कोंडीबा आतून ओरडला. कान शाबूत होते. "तिकडं द्येव्हाऱ्यात बगा जावा. चार म्हातारं बसल्यात चांदीचं. माजा बाप, आजा, चुलता, आन् एक कोन त्ये आमाला बी ठावं न्हाई. सोनारानं समद्यांस्नी एकच तोंड दिलंय. बाप कंचा आन् चुलता कंचा, कळंल तर शप्पत."

त्यांच्यात माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घेतात. तिला टाक म्हणतात. तो देव्हाऱ्यात बसवतात, सणाला धुतात आणि नाव घेऊन त्याला नैवेद्य दाखवतात. पाटणच्या सोनाराने ठकूबाईला सांगितलं होतं की फोटो आणलास तर तोंड हुबेहूब उठवून देतो.

"तुमी गप बसा," ती नवऱ्याला म्हणाली. मग मला, "कुनाच्या तोंडाला निवद लावतीया ते कळाय नगं का रं? चाळीस वर्सं ह्येंच्या म्होरं ताट ठिवलं. म्होरल्या जल्मापातूर दुसऱ्याच्याच म्होरं ठिवायचं व्हय?"

"म्या न्हाई जेवलो तर दुसरा कोन तरी जेवंल की," कोंडीबा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत सुटला.

तासभर तयारी चालली. फेटा धुतलेला निघाला. घोंगडी झटकली. त्याला बाहेर उन्हात आणून बसवलं तर मान एका बाजूला कलंडायला लागली. तेव्हा ठकूबाईने कारवीची एक काठी मोडून घोंगडीच्या आत त्याच्या पाठीला उभी लावली. शाळेतल्या नाटकात झाड उभं करतात तसा. त्याचे पाय मला आठवतात, भेगाळलेले, धुवून ठेवलेले. हात आठवतात, मांडीवर पालथे. आणि फुलांचा तो ढीग मागे.

माझ्या रोलमध्ये तेव्हा दोन फोटो शिल्लक होते. हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस, माझ्या लक्षात सगळं राहतं. ते दोन फोटो काकूंचे ठरले होते. कारवीत बसून एक आणि कारवीत उभं राहून एक.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. एक पाय पुढे. "हं, कोंडीबा, इकडे बघा. हालू नका." खरं सांगतो, डोळा काचेवर नव्हताच, काचेच्या कडेने जीपकडे होता. शोभाने रुमाल तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. "टक्!" मग मेहेरबानी म्हणून आणखी एक. "टक्! हा जादाचा."

"यील न्हवं चांगला?" ठकूबाईने विचारलं.

"येणार म्हणजे काय! सोनार चाट पडेल."

निघताना अण्णांनी सवयीप्रमाणे कोंडीबापुढे हात जोडले. "कळत नकळत आमच्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा."

कोंडीबा म्हणाला, "तुमी काय केलंय आमास्नी? ताक पिऊन जाताय."

पहिल्या वळणावर अण्णांना झोप लागल्याची खात्री करून आम्ही जे हसलो! शोभाने कोंडीबाची काठीवरची मान करून दाखवली. काकू डोळे पुसत होत्या. बापू स्टिअरिंगवर हात मारून म्हणाला, "लय हराम हाईस गड्या तू." एवढी दाद मला नंतर कुठल्याही मैफलीत मिळालेली नाही. जांभळे डोंगर दोन्ही बाजूंनी मागे पळत होते आणि आम्ही सुखी होतो. मी त्या सुखाला नाकारत नाही. क्रूरपणात मजा नसती तर तो कुणी केलाच नसता.

पुतण्या म्हणतो, आता तिथे सिमेंटचा बाक आहे. वस्ती उठली. एक कूड अर्धा उभा आहे, त्याच्यापुढे फोटो फार छान येतो. त्याने बायकोचे तिथे अकरा काढले. मी अल्बम बघितला. खरंच छान आलेत. ऊन कडेने येतं आहे, भिंतीच्या काठ्या एकेक मोजून घ्याव्यात अशा दिसतात. अर्ध्या पडक्या भिंतीला टेकलेल्या माणसाचा चेहरा नेहमीच विचारी दिसतो. भिंत कुणाची, हा विचार मात्र त्यात नसतो.

कोंडीबाचा कोरडा फोटो काढला त्याच वर्षीच्या पौषात, भर दुपारी, दुकानासमोर एक बाई उभी राहिली. हातात तुपाचा डबा. आमच्या दुकानाची एक रीत होती. बाईमाणूस पायरीवर आलं की आधी मूठभर हळद तिच्या पदरात घालायची, मग काय हवं ते विचारायचं. मी मूठ भरून पुढे झालो. बाईने पदर मागे ओढला. मी मूठ तशीच पुढे धरलेली. मग कपाळाकडे बघितलं आणि कोंडीबा गेल्याची बातमी मला अशी समजली. पोत्यातली हळद पोत्यात गेली, हात पिवळा राहिला.

ठकूबाई दोन एसट्या बदलून, सांगलीत विचारत विचारत आली होती. "फोटूसाटी आलेय, बाबा. म्हैना झाला त्येंस्नी जाऊन. टाक करायचाय."

अण्णा गादीवरून उठले. तिला स्वतः पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, एवढ्या लांबून यायला लागलं त्यांना? पाठवला का नाहीस? काढ."

दोन वाक्यांत काम झालं असतं. "अण्णा, फोटो नाही. मी खोटा काढला." एवढीच. पण अण्णांसमोर? छे. माझ्यासारख्या कलावंताला दोन वाक्यांत आटपायची सवय नसते. मी खण ओढला. आत, जतच्या बाजारात मी पूर्वी टिपलेला एका मेंढपाळाचा फोटो होता. माझी आवडती कृती, खरी, ओली. फेटा होता, पांढरी मिशी होती, घोंगडी होती. म्हातारा धनगर म्हणजे आणखी काय असतं?

ठकूबाईने फोटो आधी लांब धरला, मग जवळ. उन्हात नेला.

"फेटा उलटा बांदलाय," ती म्हणाली.

"फोटोत उलटं दिसतं, आज्जी. आरशासारखं."

"आन् भिवईवरचा शिंगाचा वण कुटं गेला? म्हशीनं मारल्याला?"

"फोटो धुतात ना," मी म्हणालो. अगदी सहज, मागचापुढचा विचार न करता. "धुताना असे डाग निघून जातात."

तिने फोटोतल्या भिवईवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाली, "त्यो डाग न्हवता, बाबा." पण फोटो तिने पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, तुपाचा डबा अण्णांच्या पायाशी ठेवला आणि गेली. बापू तिला स्टँडवर सोडून आला. आल्यावर माझ्याजवळ उभा राहिला आणि तेच म्हणाला, "लय हराम हाईस तू." या वेळी गड्या म्हणाला नाही.

तूप फार उत्तम होतं. रवाळ. आम्ही संक्रांतीच्या पोळ्यांवर घेतलं.

त्यानंतर कारवी तीनदा फुलली. दर वर्षी क्षमावाणी येते, मी टोपी घालून निघतो आणि पेठेतल्या एकेका दुकानात हात जोडतो. ज्यांचं मी काहीही वाईट केलेलं नाही अशा दोनशे माणसांची मी आजवर मनापासून क्षमा मागितली आहे. लोक म्हणतात, अण्णांचा वारसा याने चालवला.

तर ठकूबाई फोटो घेऊन गेली त्यानंतरच्याच उन्हाळ्यात, वळवाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर, काकूंना तसलंच तूप हवं झालं आणि अण्णांना ठकूबाईला भेटायचं होतं. मी पोटात दुखण्याचा उत्तम अभिनय केला. अण्णांनी ओव्याचं पाणी पाजून मला जीपमध्ये बसवलं.

ताक पॉइंट जांभळा नव्हता, मेलेला होता. डोंगरभर वाळक्या काठ्या. बापूने इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. कारण चारी बाजूंनी आवाज येत होता. टक्. टक्. टक् टक्. फुलून मेलेल्या कारवीची बोंडं वळवाच्या ओलीने आणि वरच्या उन्हाने फुटत होती, बिया लांब उडत होत्या. सगळा डोंगर माझ्या जिभेने बोलत होता. शोभाने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात रुमाल होता. तो तिने तोंडाकडे नेला नाही.

आत अंधार, गारवा, तोच वास. ठकूबाईने ताक आणलं. अण्णांनी कोंडीबाची चौकशी केली, म्हणजे आता टाकाची. ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि दिवा जवळ धरला. चार काळपट टाक, एकसारखे, आणि त्यांच्या शेजारी पाचवा, नवा, लखलखीत. सोनाराने शब्द पाळला होता. निमुळती हनुवटी, खाली झुकलेली मिशी, फेट्याचा पीळसुद्धा. जतचा मेंढपाळ, हुबेहूब. जतच्या बाजारात कुणीही ओळखला असता. त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा आणि लोण्याचा गोळा.

अण्णांनी त्याला वाकून नमस्कार केला.

काकू जमिनीकडे बघायला लागल्या. बापू दारातून बाहेर गेला. माझ्यासारख्याला अशा वेळी हमखास काहीतरी सुचतं. बाहेर टक् टक् चाललं होतं.

ठकूबाईने वात सारखी केली. रागाचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चूल सारवताना बोलावं तसं ती म्हणाली, "सोनारानं लय गुनाचं काम केलंय. ह्यो कोन हाय त्ये तुजं तूच जान. त्येला बी निवद दावते मी. आला हाय घरात, तर उपाशी कशाला ठिवायचा?"

अण्णांनी सावकाश मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मग ती, इतका वेळ धरून ठेवलेलं हातातून सुटावं तशी, माझा दंड धरून सगळ्यांच्या देखत बोलून गेली, "पर ह्येच्याकडं रोज बगून बगून आमचं म्हातारं पुसलं गेलंय रं डोळ्यातनं! तू बगितलं व्हतंस न्हवं काचंतनं? कसं दिसत व्हतं त्ये, येवढं सांग की, बाबा."